उत्स्फूर्त प्रतिसाद

काही माणसं समाजसेवेची ओढ घेऊनच जन्माला येतात म्हणे. मी कावीळ घेऊन आलो. ती आठवडाभरात उतरली. ओढीची मात्र घरचे अजून वाट पाहत आहेत.

शाळेत शनिवारी वर्ग झाडायची पाळी आली की मी फळ्यावर सुविचार लिहिण्याचं काम मागून घ्यायचो. अक्षर बरं होतं. श्रमाची महती सांगणारं एखादं वाक्य निवडायचं आणि बाकीच्यांचं झाडून, पुसून, बाकं लावून होईपर्यंत ते सावकाश वळणं देत लिहायचं. श्रमाबद्दल लिहिणाऱ्याला श्रम करावे लागत नाहीत, हा शोध मला पाचवीतच लागला. पुढचं सगळं आयुष्य मी त्याच भांडवलावर काढलं.

कॉलेजात अकाउंट्सने घात केला. ताळेबंदाच्या दोन बाजूंची माझ्या वहीत कधी गाठच पडली नाही. तेव्हा एका अनुभवी, म्हणजे त्याच वर्गात मुक्काम वाढवलेल्या सीनियरने मंत्र दिला, "एनएसएसला नाव घाल. दहा मार्क वर मिळतात." अशा रीतीने राष्ट्राला माझी सेवा लाभली.

ज्यांनी ही राष्ट्रीय सेवा योजना आखली त्यांच्या मनात अर्थातच माझे दहा मार्क नव्हते. विद्यार्थ्यांनी पुस्तकाबाहेर पडून समाजासाठी राबावं, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेचच सुरू झाला होता. १९५९ साली नेमलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीने तर थेट शिफारस केली, की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करायला लावा. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि नेमकी त्यांचीच योजना खर्च झेपेना म्हणून बारगळली! सरकारी तिजोरीतल्या खडखडाटाबद्दल देशात कृतज्ञ असलेला मी एकटाच असेन. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सक्तीची नव्हे, स्वेच्छेची. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिरातलं रथाचं चाक. ब्रीद: मी नव्हे, तू. हे ब्रीद मला पहिल्याच वाचनात पटलं. खड्डा कोण खणणार? मी नव्हे, तू.

डिसेंबरात आमचं 'विशेष हिवाळी श्रमसंस्कार शिबिर' एका डोंगराकडेच्या गावात लागलं. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. गार फरशी, तीवर सतरंजी, तीवर आम्ही. पहिल्याच संध्याकाळी कार्यक्रम अधिकारी सरांनी समित्या पाडल्या. भोजन समिती, स्वच्छता समिती, श्रमदान साहित्य समिती, सांस्कृतिक समिती. शेवटी सरांनी विचारलं, "अहवाल लेखन समितीत कोण?" पाचवीतला शोध कामी आला. हात वर करण्याचा माझा वेग पाहून सर गहिवरले.

अहवाल लिहिणं हे काम फार सोपं आहे, कारण अहवाल घटनेवर अवलंबून नसतो. मी मागच्या वर्षीची वही मिळवली आणि शिबिराच्या दुसऱ्या रात्री चौथ्या दिवसापर्यंतचा अहवाल लिहून मोकळा झालो. 'प्रभातफेरीने गावात चैतन्याचे वातावरण निर्माण झाले.' 'मान्यवरांनी मौलिक मार्गदर्शन केले.' आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' प्रत्यक्षात प्रभातफेरीला उत्स्फूर्त प्रतिसाद फक्त कुत्र्यांनी दिला होता. पण तेही ग्रामस्थच.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत. आम्ही त्यांच्या प्रतिमेला हार घातला आणि क्रम उलटा केला. आधी उद्घाटन, मग नारळ, मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मनोगतं, अध्यक्षीय समारोप आणि आभार. हे सगळं होईपर्यंत ऊन चढलं, म्हणून श्रमदान दुसऱ्या दिवसावर गेलं. या साऱ्या सोहळ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई सतरंज्या अंथरत, खुर्च्या मांडत आणि नंतर त्या उचलत होता. आभारांच्या यादीत मंडपवाला होता, माइकवाला होता. शिपाई नव्हता. यादी मीच केली होती.

दुपारच्या बौद्धिकात तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली लागू झालेल्या घटनेनुसार आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असं तिन्ही अंगांनी स्वास्थ्य हवं. मी तिन्ही अंगं तपासून पाहिली. शारीरिक अंग गार फरशीने धरलं होतं. मानसिक स्वास्थ्य पहाटे पाचच्या शिट्टीने गेलं होतं. सामाजिक स्वास्थ्याचं म्हणाल, तर माझी बादली कुणीतरी पळवली होती.

त्या ज्ञानाच्या जोरावर आम्ही घरोघरी सर्वेक्षणाला निघालो. माझ्या वाट्याला वरच्या आळीतल्या एक आजी आल्या. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. फॉर्ममधला प्रश्न मी वाचला, "आजी, आपल्याला मानसिक ताणतणाव जाणवतो का? होय, नाही, कधीकधी."

"बस की आदी," आजी म्हणाल्या. "कुनाचा रं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं. मग गाव. मग बाप काय करतो, घर भाड्याचं की स्वतःचं, बहिणीचं लग्न कुठे झालं, दिलं-घेतलं काय. बोलता बोलता त्यांनी शेंगांचं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं आणि मी फोडायला लागलो. अकाउंट्स राहिल्याचं घरी सांगितलेलं नव्हतं. तेही त्यांनी बाहेर काढलं. तासाभराने मी उठलो तेव्हा सुपात दाण्यांचा ढीग होता, माझ्या कुटुंबाचं सर्वेक्षण पूर्ण झालं होतं आणि फॉर्म कोरा होता. "लई घोर लावून घेऊ नगं," आजींनी जाताना बजावलं. मी फॉर्मवर 'कधीकधी'ला खूण केली. ती माझी होती.

आता खड्ड्याकडे येतो. गावातलं सांडपाणी गल्लीतून वाहायचं, त्यावर डास पोसायचे. उपाय म्हणजे शोषखड्डा. चार फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. तळाला मोठे दगड, वर लहान दगड, मग खडी, मग वाळू. मोरीचं पाणी त्यात सोडलं की जमिनीत जिरतं. गटार नको आणि डबकंही नको. चेष्टेवारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. अशाच खड्ड्यांच्या बळावर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने पुढे डास हटवून दाखवले. फक्त टेंभुर्णीत खड्डा मी खणत नव्हतो.

अहवालवाला म्हणून मी काठावर वही घेऊन उभा होतो. पण सरांना वर्तमानपत्रासाठी फोटो हवा होता. वाकलेले चेहरे घामाने माखलेले होते. फोटोला साजेसा, स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट घातलेला स्वयंसेवक एकच होता. सर म्हणाले, "तू घे रे टिकाव. जरा जोरात मारल्यासारखं कर." मला 'मारल्यासारखं' जमलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच टिकाव हातात आलेला. जोर कुठे थांबवायचा हे माहीत नव्हतं. घाव बसला, 'फट्' असा आवाज आला आणि खड्ड्यातून कारंजं उडालं. फोटो उत्कृष्ट आला. गावाच्या नळयोजनेचा पीव्हीसी पाइप नेमका तिथून गेला होता.

शिपाई धावत आला, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसत खड्ड्याच्या कडेला बसला. सरांनी विचारलं, "इथून पाइप गेलाय हे सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलंच न्हाई, सर," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "काल मी हितंच तर हुतो."

तो खरंच तिथे होता. सतरंज्या अंथरत होता. कुठल्या बोळात पाइप कसा वळतो, कुठे सांधा कच्चा आहे, कुठल्या घराला पाणी चढत नाही, हे गावात सगळ्यात जास्त माहीत असलेला माणूस जलसंधारणाच्या बौद्धिकात श्रोता म्हणूनसुद्धा बसला नव्हता. तो मागे चहाचे कप धूत होता.

पाइप तुटलेल्या जागी कापायचा, सोल्युशन लावून कपलिंग बसवायचं, वाळू द्यायचं. काम मोठं नव्हतं. पण कपलिंग तालुक्याला, आणि तालुक्याचा बाजार त्या दिवशी बंद. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत आख्ख्या आळीला पाणी नाही. पाण्याचं महत्त्व पटवायला आलो होतो. ते इतक्या परिणामकारकपणे पटेल असं वाटलं नव्हतं.

मग जे झालं त्याला कुठलीही समिती जबाबदार नव्हती. आमच्यातली एक अबोल मुलगी शाळेतल्या बादल्या गोळा करून गावाबाहेरच्या विहिरीकडे चालू लागली आणि तिच्यामागे सगळे निघाले. बौद्धिकात झोपा काढणारे दोघे रहाट ओढायला उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. मी स्टीलची कळशी खांद्यावर घेतली; विहिरीपासून आळीपर्यंत निम्मं पाणी माझ्या इस्त्रीच्या शर्टात जिरलं. मी स्वतःच एक फिरता शोषखड्डा झालो होतो. शेवटी एका वहिनींना माझी नव्हे, पाण्याची दया आली. त्यांनी जुन्या लुगड्याच्या धडप्याला पीळ देऊन त्याची वाटोळी चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली, वर कळशी बसवली आणि म्हणाल्या, "मान ताठ ठेवा, भाऊजी. नजर समोर. पाय आपोआप चालत्यात." संस्कारांच्या त्या शिबिरात मला मिळालेलं हे एकमेव उपयोगी मार्गदर्शन, आणि ते खरोखर मौलिक होतं. माझ्या पुढून तिसरीतली एक पोरगी तशीच कळशी घेऊन, वर गाणं म्हणत चालली होती.

वरच्या आळीतल्या आजींच्या रांजणात मी पाणी ओतलं. "पायप तूच फोडलास न्हवं?" त्यांनी विचारलं. बातमी माझ्याआधी पोचली होती. "आता अकाउंटात पास हुशील. घाम गाळलास."

रात्री वही उघडली. 'स्वयंसेवकांनी घरोघरी पाणीवाटप केले. ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' त्यांनी दिलेल्या प्रतिसादातले काही शब्द छापण्याजोगे नव्हते, पण उत्स्फूर्तपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. विहिरीवरच्या कामाचा फोटो मात्र एकही निघाला नाही, कारण कॅमेरावालाही कळशी वाहत होता. त्यामुळे ते तास २४० मध्ये धरले गेले नाहीत. कारंज्याचे धरले.

सेवेला तास आणि मार्क लावले की ती बाटते, असं म्हणणारी थोर माणसं मला भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण दहा मार्कांचं आमिष नसतं तर मी त्या विहिरीपर्यंत गेलोच नसतो. आळशी माणसाला चांगुलपणाच्या दिशेने ढकलायला संस्था लागते. फक्त ती ढकलण्याच्या घाईत असते. कुठे ढकलतोय, तिथे खाली काय पुरलंय, हे शिपायाला विचारायचं तिच्या वेळापत्रकात नसतं.

एवढं ज्ञान झाल्यावर मी शहाणा व्हायला हरकत नव्हती. पण मी एका कंपनीत अधिकारी झालो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले आहेत. आमच्याकडे 'सामाजिक जबाबदारी व कर्मचारी स्वास्थ्य' असा जोडविभाग निघाला, आणि अहवाल लेखनाचा पूर्वानुभव पाहून तो माझ्याकडे आला. मी धडाक्यात 'ताणमुक्ती सप्ताह' लावला. व्याख्यानं, ध्यान, हास्ययोग, हजेरी सक्तीची. तारखा मार्चअखेरच्या होत्या हे माझ्या लक्षात राहिलं नाही. अकाउंट्स विभागाने हास्ययोगात जे हास्य केलं, ते अजून माझ्या स्वप्नात येतं. त्या विषयाचं आणि माझं काहीतरी मागल्या जन्मीचं आहे.

सप्ताह संपल्यावर, वहिनींची चुंबळ आठवली म्हणा किंवा लिफ्ट बंद होती म्हणून म्हणा, मी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना विचारलं, "काका, तुम्हाला कसला ताण आहे का?"

"ताण नाही साहेब," ते म्हणाले, "पोटऱ्या भरून येतात. बारा तास उभं राहावं लागतं. एक खुर्ची मिळाली तर बघा."

मी बघितलं. सामाजिक जबाबदारीच्या निधीतून खुर्ची देता येईना, कारण तो पैसा स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी वापरायचा नसतो. स्वास्थ्याच्या निधीतून देता येईना, कारण काका कंत्राटदाराचे, म्हणजे आमचे कर्मचारीच नव्हते. समाज म्हणून ते फार जवळचे होते आणि कर्मचारी म्हणून फार लांबचे. फाईल वर गेली. अजून वरच आहे. शेवटी माझ्या केबिनमध्ये समोर असलेली पाहुण्यांची खुर्ची मी स्वतः उचलून खाली नेऊन ठेवली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांना उभ्याने बोलावं लागतं, मीटिंगा पाच मिनिटांत आटपतात, आणि मला इतकं स्वस्थ वाटतं, की ताणमुक्तीचा याहून प्रभावी उपक्रम कंपनीत झालेला नाही. अहवालात तसं मी लिहिलंही आहे. उभ्याने परत गेलेल्यांचा प्रतिसाद काय होता, हे मात्र या वेळी मी लिहिलेलं नाही.