आठव्या वेतन आयोगास आखाडा बाळापूरचे निमंत्रण

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांचे सेवेशी, मुक्काम आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली येथील आडत दुकानाच्या एका मुनिमाची सविनय विज्ञापना ऐसी जे,

शिफारशी करताना खासगी क्षेत्रातील वेतन, लाभ व कामाची स्थितीही विचारात घ्यावी, असे आपल्या कार्यकक्षेत नमूद असल्याचे वाचून आम्हांस झालेला हर्ष वर्णनातीत आहे. कारण आम्ही एक ‘क्षेत्र’ आहोत, ही वार्ताच आजवर आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

सातव्या आयोगाने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेकरवी अशीच तुलना करविली, तेव्हा २०१५ साली सरकारातील सर्वांत कनिष्ठ मदतनिसाची एकूण प्राप्ती २२,५७९ रुपये, तर पाहणीतील खासगी मदतनिसाची ८,००० ते ९,५०० रुपये असल्याचे निष्पन्न झाले. आमच्याकडे ही तुलना अधिक सुलभ आहे. कारण शेठजींची स्मरणशक्ती हेच दप्तर, आणि दिवाळीचा मिठाईचा पुडा हाच महागाई भत्ता. भविष्यनिर्वाह निधीचे म्हणाल, तर सरकारी नोकर आधी साठवून मागाहून घेतो. आम्ही आधी उचल घेऊन मागाहून, बहुधा आमरण, फेडतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत ज्यांचे नाव शिरले ते आमच्यातले जहागीरदार : त्यांना २०१४ पासून दरमहा किमान १,००० रुपयांची हमी आहे.

मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनीसाठी संप पुकारला, तेव्हा ‘यांना एवढे कशाला?’ असे विचारणारे आमच्या दुकानाच्या पायरीवर पुष्कळ जमत. ‘आपल्याला एवढेसे का?’ असे विचारणारा त्यांत एकही निघाला नाही, आणि या प्रगल्भ लोकमताचे शेठजींना इतके कौतुक वाटले की त्यांनी स्वखर्चाने चहा सांगितला. राज्य शासनाने तर ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयान्वये नऊ खासगी संस्थांकरवी कंत्राटी भरतीची तजवीज करून, सरकारी चाकरास आमच्या पंक्तीला आणून बसविण्याचा समतावादी उपक्रम आरंभिलाही होता. परंतु लोकक्षोभामुळे ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला, आणि आमची पंगत होती तेवढीच राहिली.

सबब अर्ज असा की, आयोगाने तुलनेसाठी समक्ष यावे. शनिवार-रविवार चालेल, राज्य शासनाचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा झाला असला, तरी आमचा सातांचा कायम आहे. मात्र हळदीच्या हंगामात येणे झाल्यास माझा जबाब काट्यापाशी उभ्यानेच नोंदवावा लागेल, आणि त्यापायी शेठजी जो अर्धा रोज कापतील तो आयोगाच्या प्रवासभत्त्यातून मिळावा.

कळावे,
आपला आज्ञाधारक,
एक मुनीम