स्थळं पाहणं चालू आहे

आमच्या भाच्याला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लंबकाचं एक साधं समीकरण कॉम्प्युटरवर सोडवायचं आहे. जूनपासून तो त्यासाठी भाषा निवडतोय, स्थळं पाहावीत तशी. पायथन सालस, पण लूपमध्ये मंद. २०१२ सालची ज्यूलिया चपळ, पण गोतावळा लहान. मॅटलॅबकडचे लायसन्सपोटी देज मागतात. १९५७ सालच्या फोरट्रानला तर पत्रिका न पाहताच 'आजीबाई' म्हणून नकार गेला. आता ज्या पायथनवर तो भाळलाय, तिच्या सायपायच्या माजघरात मॅट्रिक्सचं दळण दळणारं लॅपॅक या आजीबाईंच्याच भाषेत लिहिलंय, हे त्याला कोण सांगणार?

परवा विचारलं, "ऑयलरची रीत तरी लिहिलीस का? दहा ओळींचं काम."

"मामा, आधी एडिटर ठरू दे."