यू-पिनांचा हिशेब देणारा हेर

झुंजार आणि काळापहाड यांच्या रहस्यकथा वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला नायक रुबाबदारच लागतो. उरलीसुरली कसर जेम्स बाँडने भरून काढली. त्यामुळे चार्ल्स स्ट्रॉसच्या ‘द अ‍ॅट्रॉसिटी आर्काइव्ह्ज’मधला (२००४) बॉब हॉवर्ड पहिल्या भेटीत हेर वाटतच नाही. एका औद्योगिक गाळ्यामागच्या झुडपात तो दबा धरून बसलाय. अंधारात दिसणारा चष्मा आहे खरा, पण सोबतीला काय, तर क्लिपबोर्ड आणि पेजर!

बॉब मूळचा कॉम्प्युटरवाला. या कादंबरीच्या जगात काही विशिष्ट गणितं मांडली की परक्या विश्वातली भुतं दाराशी येतात. हा शोध अ‍ॅलन ट्युरिंगचा. सरकारने तो दडपलेला. बॉबने तरुणपणी संगणकावर भूमितीचा असाच एक खेळ मांडला आणि वुल्व्हरहॅम्प्टन शहर थोडक्यात वाचलं. त्याला तुरुंगात न टाकता सरकारने गुप्त खात्यात नोकरी दिली, कधीही सोडता न येणारी. (यातली हलकी शिक्षा कोणती, ते ज्याचं त्याने ठरवावं.)

खात्याचं नाव ‘लाँड्री’. तिथे जग वाचवून आलं तरी कामाच्या तासांचा तक्ता भरावाच लागतो, आणि यू-पिनांचंसुद्धा ऑडिट होतं. मला भुतांपेक्षा बॉबच्या वरिष्ठ हॅरिएट आणि ब्रिजेट यांचीच जास्त धास्ती वाटली. भूत निदान बैठक तरी बोलावत नाही.

हा वारसा हेरकथाकार लेन डेटनचा, आणि स्ट्रॉस तो लपवत नाही. ‘द इप्क्रेस फाइल’मधला (१९६२) बिननावाचा हेरही थकलेल्या पगाराची काळजी करतच हिंडतो. स्ट्रॉसने त्या कचेरीत भयकथाकार लव्हक्राफ्टची भुतं आणून सोडली. ती खरीही वाटतात, कारण जिथे यू-पिना मोजतात तिथे बाकीचं कोण खोटं सांगेल?

पुढच्या पुस्तकांत बॉबला बढत्या मिळाल्या, अचाट शक्ती आल्या, आणि माझं मन त्याच्यावरून थोडं उडालं. मला आवडतो तो ‘द काँक्रीट जंगल’मधला बॉब. ‘द अ‍ॅट्रॉसिटी आर्काइव्ह्ज’ याच पुस्तकातली ही लघुकादंबरी. २००५चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात काँक्रीटच्या गाईंचं एक शिल्प खरोखरच आहे. अपरात्री झोपेतून उठवून बॉबला त्या गाई मोजायला पिटाळतात. एक जास्त भरते, आणि ती खरीखुरी, हाडामांसाची गाय असते, कुणीतरी दगड करून टाकलेली.

बाँडला हे काम कुणी सांगितलं नसतं. सांगितलं असतं, तरी त्याने गाई मोजल्याच नसत्या.