वेण्णाकाठचं घोडदळ
१७५८ साली मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली. आताची मोहीम वेण्णा तलावाकाठी एक फेरी: लगाम घोडेवाल्याच्या हातात, मोबाइल स्वाराच्या. उतरताना मात्र स्वाराला दोघांनी धरावं लागतं. स्टेटसवर तोवर भगवा फडकलेला असतो.

त्या जुन्या घोडदळातलं अस्सल भीमथडी तट्टू बघायचं तर माणदेशात, दहिवडी-आटपाडीकडं, धनगरांच्या वाड्यामागं जावं. पाठीवर भांडीकुंडी, घोंगडी, वर एखादं करडू. सरकारनं अलीकडं या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. म्हणजे घोड्याला जातीचा दाखला मिळाला. मालकाचं एसटी आरक्षण अजून चर्चेतच आहे.

घोडा विकायला काढला, तर गिऱ्हाईक आधी उंची विचारतं, मग पंचकल्याणी आहे का ते. दौड कोण विचारतो? वरातीत बँडपुढं जायचं असतं, तेही नाचत.