पीपीएमराव

पूर्वी प्रत्येक सोसायटीत एक होमिओपॅथीवाले काका असायचे, एक शेअरबाजारवाले असायचे आणि एक नुसतेच पाण्याच्या टँकरवर नजर ठेवून असायचे. या तिघांचे गुण उचलून हल्ली एक नवा पुरुष तयार झाला आहे. हा शोभेच्या कोळंब्या पाळतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, गृहकर्ज फिटत आलेलं, मुलं घरात असून नसल्यासारखी. आमच्या ठाण्याच्या इमारतीतल्या नमुन्याला आम्ही पीपीएमराव म्हणतो, कारण इतरांच्या खिशाला पेन असतं तिथे यांच्या टीडीएस मीटर असतो. कुणाकडे पाण्याचा पेला पुढे आला की आधी मीटर बुडवतात, मग पितात. "तीनशे वीस पीपीएम," म्हणतात, "माणसांना चालतं."

टाकी तशी लहानच. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, चाळीसेक लिटरची. तळाला काळी बारीक खडी, एक वाकडं लाकूड, त्यावर दोऱ्याने बांधलेलं जावा मॉस आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. दुसरा फिल्टर पिल्लांना ओढून घेतो, म्हणून स्पंजच. एवढं मांडून झाल्यावर राव महिनाभर नुसते पाण्याकडे बघत बसले. पाहुणे वाकून वाकून शोधायचे.

"कुठे आहेत?"

"अजून आणल्या नाहीत. सध्या जिवाणू वाढतायत."

"ते कुठे आहेत?"

"ते दिसत नसतात."

थट्टा आपण करतो, पण त्या माणसाचं बरोबर असतं. नव्या टाकीत घाणीचा अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिली दोन्ही कोळंबीला विष, तिसरं थोडंफार सोसतं. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा धीर नसलेल्यांच्या कोळंब्या आठवड्यात उलट्या पडतात. हापूस पिकेपर्यंत ज्यांना दम निघत नाही त्या रावांनी अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज रात्री परीक्षानळीत थेंब टाकून रंग जुळवले. घरच्यांना वाटलं, मधुमेह निघाला.

मग एका रविवारी क्रॉफर्ड मार्केटहून लोकलच्या गर्दीत, पोटाशी पिशवी धरून, लाल चेरी कोळंब्या आल्या. प्रत्येकी जेमतेम बोटाच्या पेराएवढी. कोळीण जी वस्तू वाट्यावर देते ती या माणसाने नगावर आणली, हे पत्नीने एकदाच बोलून दाखवलं. राव तर दोन तास त्यांच्या भांड्यात बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंबथेंब सोडत बसले होते. "सलाईन लावलंय का रे?" आईंनी विचारलं.

आई आणि कोळंब्या यांचं वैर तांब्यावरून पडलं. टाकीतलं पाणी उडून कमी झालेलं पाहून आईंनी प्रेमाने रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी ओतायला घेतलं आणि रावांनी आंघोळीतून ओरडत धाव घेतली. तांबं कोळंबीला थोडंही सोसत नाही. गंमत म्हणजे तिचं रक्त प्राणवायू वाहून नेतं ते तांब्याच्याच बळावर. पण हे आईंना सांगून उपयोग झाला नाही. "मग तिला काय बाधतं? माझा हात?" असं म्हणून त्या दोन दिवस जेवताना बोलल्या नाहीत.

रावांचे विचार एरवी पुरोगामी. मुलाने पंजाबी मुलगी आणली तेव्हा पेढे यांनीच वाटले. पण लाल टाकीत पिवळी कोळंबी? शक्य नाही. ही सगळी मूळ तैवान-चीनकडची एकच मातकट जात. लाल, पिवळी, निळी हे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेले रंग. एकत्र सोडल्या की नातवंडं पुन्हा मातकट. त्यामुळे राव भिंग घेऊन बसतात, कुणाच्या पायापर्यंत रंग उतरलाय ते बघतात, आणि फिकी निघालेली पिल्लं वेगळ्या बरणीत काढतात. वधूवर सूचक मंडळातही इतकं निरखून बघत नसतील. तकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने १९८०च्या दशकात पाणवनस्पतींच्या टाकीत शेवाळ खायला कोळंब्या सोडल्या. त्यांचं नाव निघालं की रावांचा हात कानाच्या पाळीला जातो.

पावसाळ्यात पालिकेची धुराची गाडी आली की आम्ही डासांपासून सुटलो म्हणून खूश होतो. राव ओल्या चादरी घेऊन धावतात. डास मारणारं औषध कोळंबीलाही मारतं, दोघांचं नातं लांबचं असलं तरी आहेच. खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर चादर, आणि घरचे सगळे जिन्यात.

पण एकदा त्यांनी मला भिंग दिलं. मादीच्या पोटाखाली पंचवीसेक अंडी होती, मोहरीपेक्षा बारीक, आणि ती पोटाखालच्या पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. शेजारी दुसरी आपलीच टाकलेली कात पुढच्या चिमुकल्या चिमट्यांनी खुडून खात होती. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. हे मी घरी सांगितलेलं नाही.

मे महिन्यात राव सासुरवाडीला मालवणला गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. सोबत तीन पानी सूचना. सार एवढंच, की काहीही करायचं नाही. आठ दिवस शेवाळावर त्या मजेत राहतात. खायला घालाल तर पाणी नासेल. तरी रोज रात्री व्हिडिओ कॉल.

"मॉसच्या मागे बघा. अंडीवाली दिसतेय का? हलतेय ना? फोन जवळ न्या. हळू, घाबरेल ती!"

मी फोन काचेला लावला. रावांचे डोळे भरून आले होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, कोळंबी गरम आसा तवसर बसा!"

"आलो आलो," राव म्हणाले. "आणि सोलकढी जरा जास्त ठेवा."