रिलीजराव

रिलीजरावांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते एकटे नाहीत. हिंजवडीपासून टोरांटोपर्यंत त्यांचा गोतावळा पसरलेला आहे. दिवसा कंपनीची नोकरी आणि रात्री जगाची फुकट सेवा, हा त्यांचा नेम. सेवा म्हणजे एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी. मोठ्या रकमांत लाख-कोटींचे स्वल्पविराम जागच्या जागी घालायचे, एवढंच तिचं काम. पण ते ती चोख करते. ती कोणाकोणाच्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसली आहे, हे रिलीजरावांना ठाऊक नाही. ती आपल्याकडे आहे, हे वापरणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. एकमेकांचा पत्ता नसलेले हे दोन पक्ष समोरासमोर येतात ते नवी आवृत्ती निघते तेव्हा.

आवृत्ती शुक्रवारी रात्रीच निघते. आठवडाभर वेळ नसतो आणि शनिवारी सासुरवाडीला जायचं असतं. घोषणेच्या माथ्यावर रॉकेटचं चित्र. खाली ‘आम्हांला कळवण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशी सुरुवात. यातले ‘आम्ही’ म्हणजे रिलीजराव. मग अंतर्गत रचना मुळापासून कशी पालटली याची कहाणी, नव्या लोगोमागचा विचार आणि आभार. आभारांत पाहुण्या डेव्हलपरांपासून रेपॉझिटरी झाडूनपुसून ठेवणाऱ्या बॉटपर्यंत कोणी सुटत नाही. त्यानंतर गिटमधून जशीच्या तशी उचललेली कमिटांची यादी: ‘टायपो दुरुस्त’, ‘टेस्ट दुरुस्त’, ‘आता तरी दुरुस्त’, ‘मागचं मागे घेतलं’. आणि या गर्दीत त्रेचाळिसाव्या ओळीवर अंग चोरून उभं असलेलं एक वाक्य: ‘रिकामी रक्कम आल्यास यापुढे शून्याऐवजी एरर.’

शनिवारी सकाळी कोणाची तरी बिलं थांबतात ती याच ओळीपायी.

थोडक्यात, लग्नपत्रिकेत चौदा काका, अकरा मामा आणि चिमुकल्यांचा आग्रह; कार्यालयाचा पत्ता तेवढा राहिलेला.

एकदा मी न राहवून विचारलं, “अहो, ती त्रेचाळिसावी ओळ सगळ्यात वर का नाही लिहिलीत?”

“वर लिहिली असती तर ही आवृत्ती घेतली असती का कोणी?” रिलीजरावांनी मलाच विचारलं.

नवी आवृत्ती आली की डेव्हलपरला तीनच गोष्टी हव्या असतात. घ्यायची का, आजच घ्यायची का, आणि घेतली तर माझं काय मोडेल. ही तिसरी गोष्ट सांगायची सोय आकड्यांतच केलेली आहे. सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम साधा आहे: जुना कोड मोडणार असेल तर पहिला आकडा वाढवा, न मोडता नवं काही आलं तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. पण रिलीजराव पहिल्या आकड्याकडे हुद्दा म्हणून बघतात. मोडतोड केल्याबद्दल बढती देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे बिलं थांबवणारी आवृत्ती ०.९.२६ ची ०.९.२७ झाली, इतकंच. तक्रार करावी तर कायदा त्यांच्या बाजूने. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही, केव्हाही बदलू शकतं, असं त्याच नियमावलीत लिहिलेलं आहे. रिलीजराव गेली सहा वर्षं त्या शून्याच्या आश्रयाला आहेत.

थोरामोठ्यांचे दाखले त्यांना तोंडपाठ. “क्नूथसाहेबांच्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती पाय या गणिती आकड्याच्या दिशेने सरकते. २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ झाली. त्यांना विचारता का? तोर्वाल्ड्सने २०११ मध्ये लिनक्स २.६.३९ वरून उचलून ३.० वर नेलं. त्याला?”

त्याला विचारायची वेळच आली नाही. ३.० ची पहिली चाचणी आवृत्ती जाहीर करतानाच तोर्वाल्ड्सने सांगून टाकलं होतं की यात मोठा बदल काहीही नाही, फक्त आकडा बदललाय. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सची पहिली वर्दी दिली तीही अशीच. हा माझा छंद आहे, बॅश आणि जीसीसी चालतात, एटी हार्डडिस्कखेरीज बहुधा काही चालणार नाही. काय चालत नाही हे पहिल्याच दिवशी सांगितल्याने त्या मालाचा खप अडला, असं काही पुढे दिसलं नाही.

सुरक्षेची भोकं बुजवताना तर रिलीजरावांना नको तेवढा संकोच होतो. तिथे ते ‘किरकोळ सुधारणा’ लिहितात. मी त्यांना ओपनएसएसएलची गोष्ट सांगितली. २०२२ च्या ऑक्टोबरात त्या लायब्ररीवाल्यांनी आठवडाभर आधी कळवलं की १ नोव्हेंबरला ३.०.७ येतेय आणि तिच्यात अतिगंभीर दोषाची दुरुस्ती आहे. त्या मंगळवारी कामाला कोणाला बसवायचं, हे लोकांना आधीच ठरवता आलं. प्रत्यक्षात दुखणं एक पायरी कमी गंभीर निघालं, तेही त्यांनी उघड सांगितलं.

“बघा,” रिलीजराव म्हणाले, “उगाच घाबरवलं की नाही?”

त्यांच्यावर रागावताही येत नाही. त्या ‘आता तरी दुरुस्त’ मागे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. पगार नाही, कौतुक नाही. लोक आठवण काढतात ती काही बिघडलं तरच. वर्षाकाठी चार-दोन शुक्रवार बोलायला मिळतं, तेव्हा माणूस आपण काय काय केलं तेच सांगणार. ऐकणाऱ्याला मात्र आता आपल्याला काय काय करावं लागणार, याची धास्ती असते. घोषणा लिहायची ती या धास्तावलेल्या माणसासाठी. पण तो रिलीजरावांना कधी भेटलेलाच नाही.

एकदा मात्र गाडी चुकू नये म्हणून त्यांनी घाईत चार ओळी खरडल्या. ‘०.९.२८. रिकाम्या रकमेला पुन्हा शून्य मिळेल. ०.९.२७ वर असाल तर आजच घ्या, नसाल तर सवडीने. एरर पकडायला काही लिहिलं असेल तर ते काढलं तरी चालेल.’ सोमवारी दुपारपर्यंत सगळे नव्या आवृत्तीवर गेले. कोणाचं बिल अडलं नाही, प्रश्न आला नाही, शिवीसुद्धा आली नाही.

रिलीजराव हवालदिल झाले. “कोणी वाचलंच नाही हो!” म्हणाले. वाचलं म्हणूनच ही शांतता आहे, हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी स्वतःच्याच रेपॉझिटरीत स्वतःच एक इश्यू उघडला: ‘घोषणा मिळाली का?’ महिनाभर उत्तर आलं नाही. मग त्यांच्याच बॉटने, हालचाल नाही या कारणास्तव, तो बंद केला.

पुढच्या घोषणेत बॉटचे आभार पहिल्या क्रमांकावर आहेत. प्रतिसाद देणारा तो एकटाच, असं रिलीजराव म्हणतात.