सातवी एअरबॅग

वाहनसुरक्षेतील पुण्याच्या योगदानाची जगाने अद्याप दखल घेतलेली नाही. जर्मन अभियंते अजून एअरबॅग आणि एबीएसमध्येच अडकलेत. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते ठार झाले आणि काही तासांतच अल्पवयीन आरोपीभोवती अद्ययावत कवच उघडले: जामिनाची अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध. (जनक्षोभ उसळल्यावर त्याला निरीक्षणगृहात धाडले, पण चाचणी यशस्वी झाली होती.) त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टरही अटकेत गेले, हे बहुधा वरच्या मॉडेलमध्येच मिळत असावे.

आता आरटीओने शिकाऊ परवान्यासोबतच निबंध आगाऊ जमा करून घ्यावा. सुवाच्य अक्षराला वेगमर्यादेत सूट द्यावी.

त्या पोर्शेची कायम नोंदणी झाली नव्हती. शुल्क थकले होते: 1,758 रुपये.